तोंड शिवलेली आमंत्रणं

"सुचेता, कार्ड उघडत न्हाय गो," जुडिथ आंटी फोनवर म्हणाली.

सुचेता हाटकेशमधल्या एका प्लॅस्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात ऑफिस सांभाळायची. समोर टेम्पोवाला चलनावर सही मागत उभा होता आणि मागे मशीन धडधडत होतं. ती घाईत म्हणाली, "डाउनलोड होऊ द्या, आंटी. नेट स्लो असेल."

"डाउनलोड कसलं? हातात हाय माझ्या कार्ड. लॉयडच्या लग्नाचं. पुढून बघते, मागून बघते, उघडतच न्हाय. शिवलंय."

"शिवलेलंच असणार ना. आईची कार्डं दोऱ्याचीच असतात."

"अगो, तोंड शिवलंय!"

टेम्पोवाल्याने तेवढ्यात चलन पुढे सरकवलं. सुचेताने सही केली, ती भलत्याच रकान्यात.

जुडिथ आंटी आणि सुचेताची आई इंदुबाई यांची ओळख शांती नगरातल्या एका हॉबी क्लासमध्ये झाली होती. जाड कागदावर सुईने चित्राची भोकं पाडायची आणि त्या भोकांमधून रंगीत दोरा फिरवून चित्र भरायचं, असली शुभेच्छापत्रं तिथे शिकवायचे. जुडिथ आंटीच्या बोटांना सुई जास्त टोचली आणि कागदाला कमी, म्हणून तिने क्लास सोडला आणि ती इंदुबाईंची गिऱ्हाईक झाली. इंदुबाईंचं मात्र नाव झालं. त्यांचे नियम कडक होते. दोरा चकाकणारा नको. कार्डात गाठ मारायची नाही, कारण गाठ पाकिटात फुगते. शेवटचा दोरा आधीच्याच टाक्यांखाली गुपचूप सरकवून संपवायचा. शिवून झालं की मागच्या बाजूला कागद चिकटवायचा आणि त्यावर रबरी शिक्का मारायचा: 'इंदुबाईंच्या हातचं, गोडदेव'.

जुडिथ आंटीच्या मुलाचं, लॉयडचं, लग्न ठरलं तेव्हा तिने खास घरच्या माणसांसाठी अशी कार्डं सांगितली. आतला मजकूर तिने आधीच छापून आणला होता. बाहेर होडी हवी होती. होडीचं अंग तपकिरी कागदाचं कापून चिकटवलेलं, आणि वरचं शीड तेवढं लाल दोऱ्याचं. इंदुबाईंनी सगळ्या कार्डांना शिडाची भोकं पाडून ठेवली आणि आजारपणात, पलंगावर पडल्या पडल्या, पहिलं कार्ड शिवलं. भेटायला आलेल्या जुडिथ आंटीने ते उचलून प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलं. "हा नमुना माझ्याकडे. बाकीची डिट्टो अशीच पाहिजेत, इंदू." इंदुबाई म्हणाल्या, "शब्द दिला." महिना सरायच्या आत त्या गेल्या. भोकं पाडलेली कार्डं टेबलावर तशीच राहिली.

"साधी कार्डं वाटते मी," जुडिथ आंटी म्हणाली होती. पण सुचेताचे वडील पुंडलिक खुर्चीतून बोलले, "तिनं शब्द दिलाय ना? मी करून देतो."

पुंडलिकांचं अख्खं तारुण्य भाईंदरच्या मिठागरात गेलं होतं. सुई म्हटली की त्यांना दाभण माहीत, दोरा म्हटला की सुतळी. मिठाच्या गोणीचं तोंड ते बोलता बोलता, तंबाखू मळता मळता शिवत. पण शर्टाचं बटण लावायचं झालं तर शर्ट बदलत.

तरी त्यांनी ते मनावर घेतलं. आधी एक कार्ड करून बघितलं म्हणे, मग रंग जुळतोय का ते बघायला एकटेच उत्तनला जाऊन जुडिथ आंटीकडचा नमुना पाहून आले. येताना सुके बोंबील आणले आणि त्या दिवशी फारसे बोलले नाहीत. त्यानंतर सुचेता कामावर गेली की ते दुपारभर शिवत बसायचे. ती म्हणायची, "दाखवा तरी." ते म्हणायचे, "अर्ध्या कामाला नजर लागते." शेवटी सगळी कार्डं कव्हरात आणि पाकिटात बंद होऊन उत्तनला गेली, आणि लॉयडने ती तशीच बंद घरोघर पोचवली. सुचेताचा यात एवढाच हात होता की तिने सुचवलं, "आंटी, आईने शिवलेलं ते एक कार्ड ऑगस्टीन अंकलना द्या. घरात सगळ्यांत मोठे ते." ऑगस्टीन म्हणजे जुडिथ आंटीचा थोरला भाऊ, मासेमारीच्या होडीवरचा जुना तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. आंटीला कल्पना फार आवडली.

संध्याकाळी सुचेता घरी आली तेव्हा पुंडलिक शेंगा सोलत होते.

"बाबा, तुम्ही कार्डाची दोन्ही पानं एकत्र धरून शिवलीत?"

"मग? गोणी शिवताना एकच पदर शिवतात काय? मीठ सांडंल सगळं."

"हे मीठ नाहीये, आमंत्रण आहे!"

"ते तरी कशाला सांडायचं?"

"बाबा, आत लिहिलंय लग्न कुठे, कधी! लोकांनी वाचायचं कसं?"

पुंडलिकांनी एक शेंग फोडली, दाणा कुजका निघाला, तो बाजूला ठेवला. "ज्यांना यायचंय ते विचारतील की. उत्तन काय लंडन हाय?"

उत्तन लंडन नव्हतं. लंडन असतं तर बरं झालं असतं, कारण तिथे लोक दुसऱ्याच्या घरी जाऊन 'तुमचं उघडलं का' असं विचारत नसावेत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जुडिथ आंटीचे इतके फोन आले की सुचेताच्या शेठने "घरात कोण सिरियस आहे का?" असं काळजीने विचारलं.

कोणा मावशीला वाटलं, कार्ड डिंकाने चिकटलंय. तिने ते चहाच्या वाफेवर धरलं. डिंक नव्हताच, पण लाल रंग सुटला आणि होडी रक्तात तरंगायला लागली. मावशीने हा अपशकुन समजून नवस बोलून टाकला. कोणी कार्डाच्या फटीत टॉर्च मारून वाचायचा प्रयत्न केला. त्याला 'सायंकाळी', 'आपली' आणि 'नम्र' एवढेच शब्द दिसले, आणि लग्न संध्याकाळी आहे, ही बातमी गावभर झाली. लग्न सकाळचं होतं, संध्याकाळी होतं ते हॉलमधलं जेवण. कोणी डोकं चालवून कार्डाची घडीच कापली. आता ते मागून उघडायचं आणि पुढून बंद राहायचं. वाचायचं तर दोन्ही गुडघ्यांत धरून आत डोकावावं लागे.

सगळ्यांत अवघड होता डेनिस, लॉयडच्या वडिलांचा चुलतभाऊ. त्याचं आणि जुडिथ आंटीच्या घराचं अंगणातल्या कुंपणावरून मागच्या नाताळपासून वाकडं होतं. तो म्हणाला, "कळलं मला. कार्ड द्यायचं पण वाचू द्यायचं न्हाय. म्हणजे बोलवल्यासारखं पण झालं आणि आला न्हाय म्हणायला पण मोकळे."

"आता डेनिस येत न्हाय बोलतो," जुडिथ आंटी रडकुंडीला आली होती. "आणि लोक मला काय बोलतात माहितीय? बोलतात, इंदुबाईचं एवढं नाव ऐकलं होतं, आणि हे असं काम? मागे शिक्का हाय ना तिचा."

हे मात्र सुचेताला लागलं. डेनिस येवो न येवो, टॉर्चवाला संध्याकाळी येवो. पण शेवटच्या कामावरून आईचं नाव खराब व्हावं? आयुष्यभर जिने कार्डात एक गाठ मारली नाही, तिला लोकांनी अडाणी म्हणावं? आणि तेही कोणामुळे, तर दाभणवाल्या पुंडलिकांमुळे!

"आंटी, सगळ्यांना स्पष्ट सांगा. आईचा यात काही दोष नाही. हे बाबांचं काम आहे. बाबांना काही येत नाही. आईच्या हातचं असतं ना, तर असं झालंच नसतं."

तेच वाक्य तिने लॉयडला सांगितलं, टॉर्चवाल्याला सांगितलं, नवसवाल्या मावशीला दोनदा सांगितलं. पुंडलिक शेजारीच बसून ऐकत होते. एकदाही त्यांना राग आला नाही. उलट एकदा तर त्यांनी सुचवलं, "त्यात हे पण सांग, की मला डोळ्यांनी कमी दिसतं."

"तुम्हाला चांगलं दिसतं."

"लोकांना कुठं माहितीय?"

मग पुरावा हवा म्हणून सुचेताने आईचा शिवणाचा पत्र्याचा डबा उघडला. आई गेल्यापासून तिने त्याला हात लावला नव्हता. रिळं, कात्री, अर्धवट सुटलेली टेप, आणि तळाशी एक कार्ड. तीच होडी, तेच लाल शीड. तिने भीत भीत कडेला नख लावलं. कार्ड सरळ उघडलं. आतला मजकूर स्वच्छ, मागे कागद चिकटवलेला. त्या कागदाखाली अंगठ्याला काहीतरी टोचल्यासारखं झालं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला थोडा वेळ काहीच नीट दिसत नव्हतं.

"बाबा, हे बघा. याला म्हणतात काम."

पुंडलिकांनी कार्ड पाहिलं आणि ते चटकन उठून बसले. "कुठं मिळालं तुला?"

"आईच्या डब्यात."

"हां. मग तिचंच आसंल." त्यांनी मान तिरकी केली. "शीड बरं ताणलंय ना?"

"बरं? अप्रतिम ताणलंय. एक टाका ढिला नाही."

"कड पण सरळ आलीय काय?"

"आईचा हात आहे तो. तुम्हाला सात जन्मात जमणार नाही."

"न्हाय जमणार," पुंडलिक म्हणाले आणि का कोण जाणे, खूश दिसले. त्या रात्री त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली.

सुचेताने त्या कार्डाचा उघडा फोटो काढून लॉयडच्या लग्नाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'हे आईच्या हातचं. बघा, उघडतं.' हातांचे आणि फुलांचे ढीग आले. डेनिसनेही एक अंगठा टाकला. पण एवढ्याने बाकीची कार्डं उघडत नव्हती. जुडिथ आंटीने विचारलं, "आता सगळ्यांना कात्री वाटू काय?"

तेव्हा पुंडलिकांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"कात्री कशाला? शेपूट वढा म्हणावं."

"कसलं शेपूट?"

"शिडाच्या खालच्या टोकाला दोरा सोडलाय बारीक. गोणीचा टाका हाय तो. बाहेरून कितीबी उचका, सुटायचा न्हाय. पण बरोब्बर टोक धरून वढलं, की सगळा एका दमात बाहेर. मिठागरात गोणी काय कापून उघडायचे काय? परत वापरायची असायची ना."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू कुठं विचारलंस? तू तर मला काय येत न्हाय तेच सांगत होतीस सगळ्यांना."

जुडिथ आंटीने पुंडलिकांच्या आवाजातला निरोप रेकॉर्ड करून घेतला. "मी पुंडलिक बोलतोय, गोडदेववरून. होडीचं शेपूट धरा. हिसका न्हाय द्यायचा. सावकाश वढा. शीड उतरंल, कार्ड उघडंल." हा निरोप उत्तन, चौक, डोंगरी असा फिरला आणि एका संध्याकाळात चित्र पालटलं. घरोघर शिडं उतरायला लागली. होडीवाल्या माणसांना शीड उतरवायचं म्हटल्यावर कोणाला शिकवावं लागलं नाही. भर्रकन दोरा निघे आणि कार्ड उघडे. एकाने आपलं कार्ड उघडून झाल्यावर शेजाऱ्याचंही परस्पर उघडलं आणि त्यावरून भांडण झालं. डेनिसने कार्ड उघडलं, तर आत पहिल्याच ओळीत निमंत्रक म्हणून त्याचं स्वतःचं नाव छापलेलं. तो लगेच जुडिथ आंटीकडे गेला आणि हॉलच्या जेवणात काय काय असावं, याबद्दल सूचना करायला लागला.

सुचेताने सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत पुन्हा फोन वाजला.

"सगळ्यांचं उघडलं," जुडिथ आंटी म्हणाली, "पण ऑगस्टीनचं न्हाय उघडत."

"त्यांचं कसं नाही उघडत? ते तर आईचं आहे."

"तेच तर बोलते मी! शेपूटच न्हाय त्याला. सकाळपासून शोधतोय. आता चिडलाय. बोलतो, मासे कापायची सुरी घेतो आणि उघडतो."

सुचेताने हे नुसतं मोठ्याने म्हणून दाखवलं आणि खुर्चीत पेंगणारे पुंडलिक ताडकन उभे राहिले.

"सुरी लावू नको सांग त्याला!"

"बाबा, एवढं काय? घडी कापली लोकांनी, वाफ दिली, तेव्हा तुम्ही हलला नाहीत."

"त्याला बोल, मी येतो. हात लावू नको बोल. चहा टाक बोल!"

ते निघालेसुद्धा. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात सुचेताची. तिने पुराव्याचं कार्ड पर्समध्ये टाकलं आणि ती मागे धावली. ऑगस्टीन अंकलना खरं आईचं काम दाखवायचं, म्हणजे जुडिथ आंटीने पाकिटांची कशी अदलाबदल केली ते सिद्ध होईल, असा तिचा हिशेब होता. रिक्षाने स्टेशन, पूल चढून पश्चिमेला, आणि तिथून उत्तनची बस. बस मुर्ध्याच्या पुढे गेली, बाजूला मिठागरं लागली, तरी पुंडलिक खिडकीबाहेर बघेनात. एरवी याच रस्त्यावर ते प्रत्येक मिठागराचा इतिहास सांगत.

ऑगस्टीन अंकल ओट्यावर जाळ्यांच्या ढिगाशेजारी बसले होते. मांडीवर कार्ड, हाताशी सुरी.

"ये पुंडलिक, ये," ते गरजले. "सगळ्यांच्या होडीला शेपूट आणि माझीच होडी लांडी? मी घरातला मोठा, आणि मलाच असली बोट?"

"दे इकडं," पुंडलिक म्हणाले.

पण त्यांच्या आधी सुचेताने कार्ड घेतलं. "अंकल, हे आईचं नाहीच. बघा, मी दाखवते. आईचं काम कसं असतं ना…" तिने पर्समधलं कार्ड काढून शेजारी धरलं.

दोन होड्या, दोन लाल शिडं. तिने अंकलच्या कार्डावर बोट फिरवलं. दोन्ही पानं एकत्र शिवलेली होती, पक्की. शेपूट नव्हतं. गाठही नव्हती, कुठेच नव्हती. शेवटचा दोरा आधीच्या टाक्यांखाली गुपचूप सरकवून संपवला होता. शिडाच्या मधल्या ओळी किंचित खाली कललेल्या होत्या, पडल्या पडल्या कोणी शिवावं तशा.

मग तिने दुसरं कार्ड चाचपलं, आपलं पुराव्याचं. मागच्या कागदाखाली अंगठ्याला टोचत होतं ते आता तिला नीट लागलं. गाठ. चांगली शेंगदाण्याएवढी, दुहेरी, गोणीला मारतात तशी.

तिने पुंडलिकांकडे पाहिलं. पुंडलिक अंगणातल्या माडाकडे बघत होते. माडाला बघण्यासारखं काही नव्हतं.

"काय झालं गो?" ऑगस्टीन अंकलनी विचारलं.

सुचेताने बंद कार्ड आपल्याकडे ओढून घेतलं. मग म्हणाली, "काही नाही, अंकल. पाकिटं बदलली. हे बाबांनी शिवलेलं तुमच्याकडे आलं. नेहमीप्रमाणे शेपूट ठेवायला विसरले."

"मी बोललोच!"

"हे घ्या. हे खरं आईच्या हातचं." आणि तिने पर्समधलं कार्ड त्यांच्या हातात ठेवलं.

ऑगस्टीन अंकलनी ते एका बोटाने उघडलं, चष्मा चढवून पूर्ण वाचलं, मिटलं, परत उघडलं. शिडावरून हात फिरवला. "हां! याला बोलतात हात. काय शीड ताणलंय! मी चाळीस वर्षं शिडं बघितलीत, मला शिकवू नका. बाईमाणसाचा हात लगेच कळतो. पुंडलिक, शिक जरा."

पुंडलिकांचे कान लाल झाले. "शिकतो," ते म्हणाले. "चहा टाकलास का?"

परतीची बस सुटली. बंद कार्ड सुचेताच्या मांडीवर होतं. ते उघडायची तिला घाई नव्हती. आत काय छापलंय ते तिला पाठ होतं.

"नमुना बघायला गेलात, तेव्हा कळलं तुम्हाला?" शेवटी तिने विचारलं.

"हां. जुडिथला माहीत नव्हतं. तिनं कव्हरातून काढलंच नव्हतं."

"मग आईचं तेवढं उसवून नीट करायचं."

"तिचा टाका मी उसवू?" पुंडलिकांनी असं विचारलं की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं. ते आवाज उतरवून म्हणाले, "पहिलं मी नीटच शिवलं होतं. मग तिचं बघितलं. आज न उद्या कोणी उघडायला गेलं असतं, आणि एवढ्या सगळ्यांत एकटीचंच चुकलेलं दिसलं असतं. म्हणून बाकीची सगळी तशीच शिवली. एकाचं चुकलं तर ती चूक गो. सगळ्यांचं चुकलं की पद्धत होते."

"आणि लोकांना उघडता यावं म्हणून शेपूट."

"मग? आमंत्रण हाय ते. मीठ थोडीच हाय?"

सुचेताने खिडकीबाहेर तोंड केलं. मिठागरं मागे चालली होती. थोड्या वेळाने तिला हसू आलं आणि मग ते आवरेना, कारण ग्रुपवरचे हातांचे आणि फुलांचे सगळे ढीग तिला आठवले. आणि पुंडलिकांची ती जास्तीची भाकरी.

फोन वाजला. जुडिथ आंटी. "काय गो, ऑगस्टीन खूश हाय एकदम. मग ते बंदवालं पण पुंडलिकभाऊंचंच होतं काय?"

सुचेताने वडिलांकडे पाहिलं. ते कान देऊन ऐकत होते.

"हो, आंटी. दुसऱ्या कोणाचं असणार? बाबांना काही येत नाही. आईच्या हातचं असतं ना, तर असं झालंच नसतं."

पुंडलिकांनी समाधानाने मान हलवली आणि कुजबुजले, "डोळ्यांचं पण सांग."